पहाटेचा गजर आणि खोलीतला सोबती

प्रश्न:
सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर घेतलेल्या खोलीत आम्ही तिघे राहतो आणि तिघेही राज्यसेवेची तयारी करतो. त्यांपैकी एक जण पहाटे चारचा गजर लावतो, तो वाजला की पुढे ढकलून पुन्हा झोपतो आणि दर दहा मिनिटांनी वाजणाऱ्या त्या गजराने आम्ही दोघे मात्र खडबडून जागे होतो. ओला टॉवेल माझ्या खुर्चीवर टाकणे, हे आणखी वेगळेच. मुलगा मनाने चांगला असल्याने, संबंध न बिघडवता हे त्याला कसे सांगावे?

प्रतिसाद १:
टॉवेलचा विषय तूर्त बाजूला ठेवा, कारण तक्रारींची यादी वाचून दाखवली की मूळ मुद्दा हरवतो. रात्री मेसमधून परतताना एकट्यानेच बोला; दोघांनी मिळून सांगितल्यास त्याला कोंडीत पकडल्यासारखे वाटेल.

प्रतिसाद २:
मोबाइल उशाशी न ठेवता दाराजवळच्या फळीवर ठेवायला सांगा, म्हणजे गजर बंद करण्यासाठी त्याला उठावेच लागेल. मनगटावर थरथरणारा फिटनेस बँड वापरला, तर इतरांची झोप मोडणारच नाही.

प्रतिसाद ३:
वरील उपाय ठीक आहेत, पण तो झोपतो किती वाजता? प्रौढ माणसाला किमान सात तासांची झोप लागते. अभ्यासिकेतून मध्यरात्री परतणाऱ्याने चारचा गजर लावणे ही निव्वळ हौस आहे. खोली बदलण्याचा विचार मात्र अनामत रकमेच्या अटी वाचूनच करा.