कोल्हापूरला कायमचे परतल्यावर गोडी टिकते का?

प्रश्न – परतीच्या_वाटेवर

नमस्कार. गेली १६ वर्षे मी मुंबईत उच्च न्यायालयात वकिली करतो. १८ ऑगस्ट २०२५ रोजी त्याच न्यायालयाच्या कोल्हापूरच्या सर्किट बेंचचे कामकाज सुरू झाले आणि ज्या सांगली-साताऱ्याकडच्या पक्षकारांसाठी मी मुंबई धरून राहिलो होतो, त्यांचीच कामे आता माझ्या कोल्हापूरच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आली. पत्नीचीही तयारी आहे. दिवाळीत चार दिवस येतो तेव्हा तांबडा-पांढरा रस्सा, रंकाळ्यावरची संध्याकाळ, सगळेच हवेहवेसे वाटते. रोजचे राहणे सुरू झाल्यावरही ते तसेच वाटते का? जे परतले आहेत त्यांनी कृपया मनापासून सांगावे.

उत्तर – गंगावेशकर

दादा, मी २०१७ साली पुण्याहून परतलो. चार दिवसांसाठी येणाऱ्याला जे कधीच मिळत नाही, ते मला इथे राहिल्यावर मिळाले. किरणोत्सवाचेच पाहा. नोव्हेंबरात आणि पुन्हा जानेवारीअखेरीस मावळतीची किरणे महाद्वारातून आत येतात आणि पहिल्या दिवशी अंबाबाईच्या चरणांवर, दुसऱ्या दिवशी कमरेपर्यंत, तिसऱ्या दिवशी मुखावर पोहोचतात, असा त्याचा क्रम आहे. पण ढग आडवे आले, तर किरणे वाटेतच विरतात. मी परतलो त्या वर्षी तिन्ही दिवस निराश होऊन घरी आलो. पुढच्या खेपेस मात्र आईचा हात धरून उभा होतो आणि देवीचा चेहरा उजळताना दोघांनीही पाहिला. रजा मोजून येणाऱ्याला असे थांबता येत नाही.

रात्री जेवण झाले की मी गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर जातो. म्हैस समोर उभी असते, धार थेट पेल्यात पडते, वर बोटभर फेस येतो आणि पेला हाताला कोमट लागतो. तिथला गवळी आता मला न विचारताच पेला भरतो, याचे मला फार समाधान आहे.

उत्तर – उसाचा_फड

आमचे गाव करवीर तालुक्यात आहे. आपण शक्यतो गुऱ्हाळांच्या हंगामात या आणि मुलांना एक संपूर्ण सकाळ गुऱ्हाळावर घालवू द्या. चुलवाणात, म्हणजे गुऱ्हाळाच्या मोठ्या चुलीत, चिपाडे धडधडत असतात, काहिलीतला (मोठ्या कढईतला) रस भेंडीच्या चिकट पाण्याने मळी सोडतो, आणि पाक कधी झाला हे गुळव्या पाण्यात थेंब टाकून, त्याची गोळी बोटांनी दाबून ठरवतो. मग काहील वाफ्यात रिकामी होते तेव्हा सुटणारा वास मी नोकरीच्या गावी ११ वर्षे आठवत राहिलो होतो. बाजारात गूळ कुठेही मिळतो. गरम गूळ उसाच्या कांडक्यावर घेऊन खायला मात्र इथेच असावे लागते.

उत्तर – पंचगंगेकाठची

मी पुराविषयी लिहिते, कारण तोही इथल्या राहण्याचाच भाग आहे. २०१९ साली मी ठाण्यात होते आणि पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी ४३ फुटांची धोक्याची खूण ओलांडून वर चढताना फोनवर पाहत रात्रभर बसले होते. आई-बाबा इथे एकटे होते. २०२१ च्या पुरात मी घरी होते. धान्याचे डबे, बाबांची औषधे आणि गादी मी स्वतः माडीवर नेली. त्या रात्री मला शांत झोप लागली, हे आजही नवलाचे वाटते.

घर भाड्याने पाहताना त्या दोन्ही वर्षी पाणी कुठवर आले होते, हे शेजाऱ्यांना अवश्य विचारा. भिंतीवरची खूण ते स्वतः दाखवतील.