घरचा साबण लावल्यावर अंग ओढल्यासारखं का होतंय?

कोरडीठाक:
हसू नका, पण मॉइश्चरायझिंग म्हणून हौसेने केलेला माझा साबण विकतच्यापेक्षा कोरडा निघालाय. खोबरेल ३५० ग्रॅम, ऑलिव्ह तेल १५०, कॉस्टिक सोडा ८४, पाणी १७०. वर मऊपणासाठी दोन चमचे ग्लिसरीन आणि चमचाभर मध. वड्या टणक, फेस भसाभस. दहा दिवसांनी वापरायला काढला. अंघोळ झाल्यावर पोटरीवर नखाने रेघ ओढली की पांढरीफटक उमटते! पुढच्या वेळी ग्लिसरीन दुप्पट करू का?

तुरटी:
ग्लिसरीनची बाटली आधी कपाटात ठेवा. तेल आणि सोड्याचा साबण होताना ग्लिसरीन आपोआप तयार होतं, आणि घरच्या साबणात ते सगळं वडीतच राहतं.

घोळ त्या ८४ मध्ये आहे. एक ग्रॅम खोबरेलाला साधारण ०.१८३ ग्रॅम सोडा लागतो, ऑलिव्हला ०.१३५. तुमच्या मापांना गुणून बेरीज करा, ८४.३ येते. म्हणजे थेंबन् थेंब तेलाचा साबण झाला, अंगासाठी काही उरलंच नाही. सोडा ५ ते ७ टक्के कमी घालायचा, म्हणजे तेवढं तेल वडीत मोकळं राहतं. याला सुपरफॅट म्हणतात.

दुसरं, ७० टक्के खोबरेल. फेस आणि टणकपणा त्याचाच, पण ते मळाबरोबर अंगाचं तेलही ओढून नेतं. मी अर्धा किलोला हे घेते: ऑलिव्ह २५०, खोबरेल १५०, शिया बटर ५०, एरंडेल ५०. पूर्ण सोडा ७४ ग्रॅम होतो, मी ६९ घालते, पाणी १४०. एरंडेलामुळे फेस दाट आणि टिकाऊ येतो. तेलं बदललीत तर सोड्याचं गणित नव्याने मांडा, माझा आकडा उचलू नका.

सोडा पाण्यात घालायचा, पाणी सोड्यावर कधीच नाही. चष्मा, हातमोजे, उघडी खिडकी. भांडं स्टीलचं. मी पहिल्यांदा ॲल्युमिनियमचा डाव घातला होता. फसफसून आला, काळा पडला, अख्खा घाणा टाकून द्यावा लागला. सोड्याचं पाणी तेलात घालून ब्लेंडरने घुसळताना, ब्लेंडर उचलल्यावर पडलेली धार वर क्षणभर रेघ धरून राहिली, की ओता साच्यात.

आणि दहा दिवस फार कमी. चार ते सहा आठवडे वड्या उभ्या, सुट्या, हवेशीर ठेवा. एका वडीचं दर आठवड्याला वजन करा. ते घटायचं थांबलं की पाणी उडालं समजा. ऑलिव्ह जास्त असलं की आणखी थांबलं तर बरंच.

संशयी_आत्मा:
साबण अंगावर राहतो तरी किती वेळ? मिनिटभर. एवढा खटाटोप करण्यापेक्षा अंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच तेल चोळा.

तुरटी:
तेल चोळाच, त्याला कोण नाही म्हणतंय? साबणाने त्वचा ओली राहत नाही, फक्त कमी सुकते, आणि माझा दावाही तेवढाच आहे. त्यात साबण मुळात अल्कलीच, पीएच साधारण ९ ते १०. त्वचा मात्र किंचित आम्लधर्मी.

कोरडीठाक:
तुरटीताई, बेरीज करून पाहिली, ८४.३ च! माप एका व्हिडिओतून जसंच्या तसं उचललं होतं. मग सुपरफॅट १५ टक्के केलं तर?

आणि उरलेल्या सात वड्यांचं काय करू?

तुरटी:
१५ नको. वडी मऊ पडते, फेस मरतो, आणि मोकळं तेल खवट होऊन नारिंगी ठिपके येतात. अपवाद निव्वळ खोबरेलाच्या साबणाचा, त्यात लोक २० टक्क्यांपर्यंत जातात.

त्या वड्या कपड्यांना वापरा. पण आधी ओलं बोट वडीवर फिरवून जिभेच्या टोकाला लावा. बॅटरीचा सेल चाटल्यासारखा झटका बसला तर सोडा मोकळा आहे, मग हातमोज्यांशिवाय धरू नका. नुसती साबणाची चव आली तर बिनधास्त.

कोरडीठाक:
झटका नाही! शर्टाची कॉलर घासली, महिन्याभराची काळी रेघ गेली. नवा घाणा शनिवारी. वजनकाट्याचे सेल आजच बदललेत.