लघुपट पूर्ण झाला, पण पोहोचला नाही: आमचे नेमके कुठे चुकले?

मीठबंदर:

सर्वांना नमस्कार. गेल्या वर्षी, मास मीडियाच्या शेवटच्या वर्षात असताना, आम्ही सात जणांनी मिळून सतरा मिनिटांचा एक लघुपट केला. ठाणे पूर्वेला खाडीकाठी राहणारे, मासेमारी सोडलेले एक आजोबा आणि ऐरोलीच्या कंपनीत रात्रपाळी करणारी त्यांची नात, यांची ही एका संध्याकाळची गोष्ट आहे. खर्च ४१ हजार रुपये आला आणि त्यातील निम्म्याहून अधिक रक्कम कॅमेरा व लेन्सच्या भाड्यातच गेली. यंदाचे विद्यार्थी आता त्यांच्या लघुपटाच्या तयारीला लागले आहेत आणि प्राध्यापिकांनी मला त्यांच्यासाठी टिपण लिहायला सांगितले आहे. ते लिहायला बसले आणि लक्षात आले की काय चुकले हे मला ठाऊक आहे, पण का चुकले हे नीट सांगता येत नाही.

चित्रीकरणातली सर्वांत मोठी फजिती पाण्याने केली. पहिल्या शनिवारी दुपारी साडेचारला होडी भरल्या पाण्यात डुलत होती. राहिलेले शॉट घेण्यासाठी पुढच्या शनिवारी, प्रकाश जुळावा म्हणून कटाक्षाने त्याच वेळी, आम्ही तिथे गेलो, तर तीच होडी चिखलात कलंडलेली होती. परिणामी एकाच संवादात आजोबांच्या मागे पाणी आहे आणि नातीच्या मागे चिखल. शिवाय वाऱ्यामुळे आणि खाडीपुलावरून जाणाऱ्या गाड्यांमुळे निम्मे संवाद वाया गेले आणि ते एका मैत्रिणीच्या खोलीत चारी बाजूंना गाद्या उभ्या करून पुन्हा ध्वनिमुद्रित करावे लागले.

प्रसिद्धीची कथा याहून करुण आहे. संकलन संपले त्याच रात्री उत्साहाच्या भरात आम्ही लघुपट यूट्यूबवर टाकला, इन्स्टाग्रामवरील रीलसाठी सहा हजार रुपये मोजले आणि नऊ महोत्सवांना प्रवेशिका पाठवल्या. रील पुष्कळांनी पाहिली; लघुपट मात्र ४१२ वेळा पाहिला गेला, आणि त्यांतले बहुतेक प्रेक्षक दुसऱ्या मिनिटापर्यंतही थांबले नाहीत. एका महोत्सवाने निवड केली, सात ठिकाणांहून नकार आला आणि एकाने प्रवेशशुल्क घेऊन साधे उत्तरही दिले नाही. प्रसिद्धीची सुरुवात नेमकी कुठून आणि केव्हा करायला हवी होती, हे जाणकारांनी सांगावे.

संकलनमेज:

मी गेली काही वर्षे संकलन करतो आणि विद्यार्थ्यांचे लघुपट माझ्याकडे बहुधा शेवटच्या आठवड्यात, सबमिशनच्या आदल्या रात्री येतात, त्यामुळे आपले वर्णन मला अगदी ओळखीचे वाटले. प्रसिद्धीची सुरुवात चित्रीकरणाच्या पहिल्या दिवशी व्हायला हवी होती. आपल्याकडे चित्रीकरणाच्या वेळी काढलेली चांगली स्थिरचित्रे आहेत का? माझा अंदाज आहे की नसतील, आणि पोस्टर चित्रफितीतली एखादी चौकट (फ्रेम) उचलून केले असेल. चालत्या दृश्यातली चौकट पोस्टरच्या आकाराला मोठी केली की अनेकदा हललेली, भुरकट दिसते, कारण सेकंदाला २५ चौकटी आणि प्रत्येक चौकटीला १/५० सेकंद उघडे राहणारे शटर हा वेग हालचाल सहज दिसावी म्हणून निवडलेला असतो, स्थिरचित्रासाठी नव्हे. सात जणांपैकी एकाच्या हाती केवळ छायाचित्रांचे काम दिले असते, तर एक पैसाही जास्त लागला नसता.

यूट्यूबची घाई मात्र महागात पडली, असे स्पष्टच म्हणावे लागेल. सर्वच महोत्सव अशी अट घालत नाहीत, पण जे घालतात त्यांना आधी सर्वांसाठी खुला झालेला लघुपट चालत नाही. परीक्षकांना पाहण्यासाठी पासवर्ड असलेला किंवा असूचीबद्ध (अनलिस्टेड, म्हणजे दुवा हाती असलेल्यालाच दिसणारा) दुवा पुरतो. आधी महोत्सव, मग यूट्यूब, हा क्रम उलटा केला की तो पुन्हा सुलटा करता येत नाही.

लांबीविषयीही एक प्रश्न स्वतःला विचारून पाहावा. ऑस्करच्या नियमांत श्रेयनामावलीसह चाळीस मिनिटांपर्यंतचा चित्रपट लघुपट मानला जातो, म्हणून सतरा मिनिटे थोडीच वाटतात. परंतु दीड तासाच्या सत्रात लघुपट बसवणाऱ्या आयोजकासाठी सतरा मिनिटांची जागा म्हणजे आठ-आठ मिनिटांच्या दोन लघुपटांची जागा असते. आपल्या लघुपटाची पहिली दोन मिनिटे मी पाहिलेली नाहीत, तरीही पैजेवर सांगतो की त्यांत ठाणे स्टेशन, पूल आणि सूर्यास्त आहे.

ध्वनीबद्दल एवढेच सांगतो की प्रत्येक ठिकाणी सर्वांना गप्प बसवून तिथला रिकामा आवाज किमान अर्धा मिनिट मुद्रित करून ठेवावा. तो हाताशी असता तर गाद्यांच्या खोलीतले संवाद त्यात बऱ्यापैकी मिसळून गेले असते.

चेंदणीकर:

मी चित्रपटातला माणूस नाही, कोळीवाड्यातला आहे. आपल्या पाण्याच्या अडचणीचे उत्तर आमच्याकडच्या कोणत्याही म्हाताऱ्याने उभ्या उभ्या दिले असते. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ साधारण कळते. खाडीत आतल्या बाजूला पाणी थोडे उशिरा चढते, एवढाच काय तो फरक. पहिल्या शनिवारी आपल्याला साडेचारला भरती मिळाली, म्हणजे त्या दिवशी षष्ठी किंवा तिच्या आसपासची तिथी असणार. पुढच्या शनिवारी त्रयोदशी आली, म्हणजे भरती पावणेदहाच्या सुमारास आणि चार वाजता ओहोटी. भरतीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे आठवड्याने त्याच वेळी जाणाऱ्याला चिखलच मिळतो. एक शनिवार सोडून पुढच्या शनिवारी गेला असता, तर जवळपास तेच पाणी आणि तोच प्रकाश मिळाला असता.

ज्यांची होडी वापरली त्यांना लघुपट दाखवला का, हे मात्र आपल्या लिहिण्यात कुठे दिसले नाही.

मीठबंदर:

काका, आपल्या शेवटच्या ओळीने मला गप्प केले. होडीच्या मालकांना आम्ही दुवा पाठवला होता. त्यांच्या साध्या फोनवर तो उघडतच नाही, हे विचारण्याचे भान आम्हाला राहिले नाही. पाऊणपटीचा नियम टिपणाच्या पहिल्याच पानावर घालते.

संकलनमेज यांनी पैज जिंकली आहे. सुरुवातीला स्टेशन, पूल आणि सूर्यास्त, तिन्ही आहेत, आणि मिळून एक मिनिट चाळीस सेकंद चालतात. ते कापून, कोळीवाड्यातच मोकळ्या जागेत पडदा लावून खेळ करावा, असे आता मनात आहे. आजोबांच्या रेडिओवर एक जुने चित्रपटगीत वाजते आणि त्यावर यूट्यूबने मालकीहक्काची सूचना लावली होती, त्याचे काय करावे?

नेरूळवासी:

गीताचा तुकडा तीस सेकंदांहून कमी असला की चालतो, ही विद्यार्थ्यांमध्ये फिरणारी समजूत निराधार आहे. कायद्यात अशी सवलत नाही. ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून साठ वर्षे टिकतो आणि मूळ गीत व संगीत यांचे हक्क वेगळे मोजले जातात, त्यामुळे गाणे जुने आहे एवढ्यावर विसंबून राहू नये. रेडिओवर बातम्यांच्या ढंगाचे निवेदन स्वतः लिहून, वर्गातल्याच कोणाच्या आवाजात मुद्रित करून घातले तर प्रश्नच मिटतो.

खेळाबाबतही एक सावधगिरी बाळगावी. १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्यानुसार सार्वजनिक प्रदर्शनासाठी प्रमाणपत्र लागते आणि तिकीट नसले म्हणून प्रदर्शन खासगी होत नाही. म्हणून फलक लावून सर्वांना बोलावण्याऐवजी ज्यांनी काम केले, होडी दिली, अंगण दिले, त्यांना आणि त्यांच्या घरच्यांना नावानिशी निमंत्रण द्यावे आणि खेळ त्यांच्यापुरताच ठेवावा.

चेंदणीकर:

नावानिशी बोलावले तरी चाळीस-पन्नास माणसे सहज होतील. दिवस निवडताना अष्टमीच्या आसपासचा निवडा. भांगेच्या दिवसांत, म्हणजे भरती-ओहोटी कमी असते तेव्हा, पाण्याला ओढ नसते, जाळ्यात फारसे काही लागत नाही, म्हणून पुरुष माणसे घरी सापडतात. ध्वनिक्षेपक रात्री दहाला बंद करावा लागतो, तेव्हा साडेसातला सुरू करा. पडद्यासाठी चादर आणू नका, वाऱ्याने फडफडते. आमच्याकडे चुना दिलेली एक भिंत आहे, ती आधी येऊन पाहून जा.