नवख्याने चलन बाजारात उतरावं का? ‘मासा भाजून होईपर्यंत एक सौदा’ या पद्धतीवर चर्चा

निवांत
चलनाचे व्यवहार म्हणजे जुगार, नवख्याने त्या वाटेला जाऊच नये, असं सरसकट सांगितलं जातं. मला ते पटत नाही. शिकायचंच असेल तर शेअरपेक्षा चलन सोपं. शेअर हजारो, इथे लक्ष ठेवण्याजोग्या चलनांच्या जोड्या सात-आठ. एकट्या युरो-डॉलरवरही भागतं. बाजार आठवड्याचे पाच दिवस चोवीस तास चालू, त्यामुळे नोकरी सांभाळून जमतं. उलाढाल तर इतकी प्रचंड की आपला सौदा अडकून पडण्याचा प्रश्नच नाही. बँक फॉर इंटरनॅशनल सेटलमेंट्सच्या पाहणीनुसार एप्रिल २०२५ मध्ये रोजची सरासरी ९.६ लाख कोटी डॉलर होती.

घोडं पेंड खातं ते शिस्तीपाशी. म्हणून माझी पद्धत मांडतो. रात्रीच्या जेवणाला माशाचे तुकडे ओव्हनमध्ये. मीठ, मिरी, तेल, लिंबू. पाच मिनिटांची तयारी, २०० अंशांवर पंधरा मिनिटं. ओव्हनचं दार लावलं की चार्ट उघडायचा, एकच सौदा घ्यायचा. टायमर वाजला की नफा असो वा तोटा, सौदा बंद, लॅपटॉप बंद, ताट वाढून घ्यायचं. हाव आणि सूड हे नवख्याचे दोन रोग यात आपोआप आवरतात. रात्रभर सौदा उघडा राहत नाही, त्यामुळे झोपेचंही खोबरं होत नाही. यात कुणाला काय खटकतं ते लिहा.

आकडेमोड
शिस्तीबद्दल वाद नाही. हिशेब खटकतो.

पंधरा मिनिटांत युरो-डॉलर शांत वेळी हलून हलून हलणार किती? पाच-दहा पिप. (पिप म्हणजे चौथ्या दशांश स्थानाची एक पायरी, १.१००० चं १.१००१. येनच्या जोड्यांत ती दुसऱ्या स्थानावर असते.) खरेदी-विक्रीच्या भावातला फरक, म्हणजे स्प्रेड, एक पिप धरू. तुमचा अंदाज बरोबर आला आणि सगळी हालचाल हाती लागली, तरी त्यातला दहावा ते पाचवा हिस्सा आधीच गेलेला असतो. अंदाज चुकला तर तोट्यावर तो वेगळा.

आता खातं ५०० डॉलरचं आणि सौदा १०,००० युरोचा घ्या, म्हणजे मिनी लॉट. एक पिप बरोबर एक डॉलर. महिन्याला वीस सौदे म्हणजे वीस डॉलर स्प्रेड, वर्षाचे २४०. जवळजवळ निम्मं भांडवल नुसतं ये-जा करण्यात गेलं, अंदाज बरोबर की चूक हा प्रश्न अजून आलेलाही नाही.

निवांत
मिनी लॉट तुम्हीच घेतलात, मी नाही! मायक्रो घ्या, १,००० युरोचा. मग तेच २४० डॉलर २४ वर येतात. वर्षभराच्या शिकवणीची एवढी फी कुणालाही परवडेल.

आकडेमोड
मग मूळ लेखात तसं लिहा की. टायमरवर परिच्छेद आहे आणि सौद्याच्या आकाराबद्दल अवाक्षर नाही. नवखा माणूस वाचून काय करेल? खातं उघडेल, ब्रोकर तीसपट लिव्हरेज (म्हणजे खात्यातल्या पैशाच्या तीसपट सौदा घ्यायची मुभा) देतोय म्हणून खूश होईल आणि ५०० डॉलरवर १५,००० चा सौदा घेईल. टायमर मात्र इमानेइतबारे लावेल.

सडेतोड
आकार, टायमर वगैरे सोडा. युरोपच्या रोखे बाजार नियामकाने, म्हणजे एस्माने, २०१८ मध्ये सांगितलं की किरकोळ गुंतवणूकदारांची ७४ ते ८९ टक्के खाती तोट्यात असतात. त्यानंतर तिथल्या ब्रोकरना आपापल्या ग्राहकांपैकी किती टक्के बुडतात हे जाहिरातीत छापावं लागलं. दुकानाच्या पाटीवरच ‘इथे येणारे बहुतेक फसतात’ असं लिहिलंय आणि आपण आत जाऊन शिस्तीवर चर्चा करतोय. धन्य आहे.

रात्रपाळी
सडेतोड, आकडा बरोबर आहे, पण तो फक्त चलनाचा नाही. सीएफडी या करारांचा आहे, म्हणजे वस्तू प्रत्यक्ष न घेता फक्त तिच्या भावातल्या फरकावर केलेले सौदे. त्यात चलनाबरोबर शेअर, निर्देशांक, सोनं, तेल सगळं येतं. आणि त्याच वेळी एस्माने केलं काय ते बघा. बंदी घातली नाही. प्रमुख चलन जोड्यांवर लिव्हरेज ३० पटींवर आणलं, बाकीच्या जोड्यांवर २०. खात्यात आहे त्याहून जास्त पैसे ग्राहकाच्या अंगावर येणार नाहीत याची सोय केली. अमेरिकेत २०१० पासून मर्यादा ५० पट आहे, जपानने २०११ मध्ये २५ वर आणली. तीन ठिकाणचे नियामक, तिघांनीही हात घातला तो लिव्हरेजला. रोग कुठे आहे हे त्यांना दिसत होतं. त्यामुळे मी आकडेमोड यांच्या बाजूने, पण ‘जाऊच नका’ म्हणणाऱ्यांच्या नाही.

सडेतोड
दारू बंद करता येत नाही म्हणून पेग मोजून देतात, तसलाच प्रकार. त्यावरून दारू चांगली ठरत नाही.

चमचाभर
अवांतर: चलनातलं मला काही कळत नाही, पण मासा वाया जाताना बघवत नाही म्हणून लिहिते. ‘२०० अंशांवर पंधरा मिनिटं’ हे वेळापत्रक कुठल्याही माशाला लावू नका हो! अडीच सेंटिमीटर जाडीच्या तुकड्याला बारा ते पंधरा मिनिटं ठीक. शेपटीकडचा पातळ तुकडा आठ-दहा मिनिटांत होतो, पंधरा मिनिटांत त्याचा चोथा. तुकडे कमी-जास्त जाडीचे असतील तर पातळ टोक खाली दुमडून ठेवा, म्हणजे सगळे बरोबर होतात.

आणि आधी मासा कागदी रुमालाने कोरडा टिपून घ्या. ओला ठेवलात तर भाजण्याऐवजी वाफवला जातो, वर रंग येत नाही, ट्रेमध्ये पांढरं पाणी साचतं. लिंबाचा रस आधी चोळून ठेवू नका, आंबटपणाने वरचा थर घट्ट होतो. चकत्या वर ठेवा आणि रस वाढताना पिळा. झाला की नाही हे काट्याने बघायचं: सगळ्यात जाड जागी टोचून किंचित फिरवला की पाकळ्या सुटल्या पाहिजेत आणि आतला काचेसारखा पारदर्शकपणा गेलेला पाहिजे. थर्मामीटर असेल तर मधोमध ६३ अंश.

निवांत
चमचाभर ताई, पाकळ्यांचं लक्षात ठेवतो. ट्रेमधल्या पाण्याचं कोडं आज सुटलं!

आकडेमोड
आता कुणीतरी माशाची जाडी आणि लॉटचा आकार यांची उपमा जोडणार. कृपया नको.

निवांत, तुमचा दुसरा मुद्दा होता की सौदा पंधराच मिनिटं उघडा, म्हणून धोका कमी. साधारण दिवशी खरं आहे. १५ जानेवारी २०१५ ची सकाळ आठवा. स्विस नॅशनल बँकेने सप्टेंबर २०११ पासून एका युरोला किमान १.२० फ्रँक हा भाव धरून ठेवला होता. तीनच दिवस आधी त्याच बँकेचे उपाध्यक्ष सांगत होते की ही मर्यादा धोरणाचा आधारस्तंभ राहील. आणि त्या गुरुवारी सकाळी निवेदन आलं, मर्यादा रद्द. काही मिनिटांत भाव ०.९० च्याही खाली. ज्यांनी १.१९ ला स्टॉप लॉस (भाव तिथे पोचला की सौदा आपोआप बंद करायची सूचना) लावला होता त्यांना १.१९ मिळालाच नाही, कारण त्या भावाला घेणाराच कुणी नव्हता. लोकांचं खातं शून्यावर थांबलं नाही, उणे झालं. ब्रोकरचं देणं लागले. काही ब्रोकरही बुडाले. हे सगळं तुमच्या टायमरच्या आत.

निवांत
दहा-दहा वर्षांतून एकदा होणाऱ्या गोष्टीवरून रोजची पद्धत ठरवायची का? मग रस्ताही ओलांडायला नको. शिवाय मी युरो-डॉलर म्हणालो, तिथे कुणी भाव बांधून ठेवलेला नाही. बांध नाही तर फुटणार काय?

रात्रपाळी
बांध फुटण्याबद्दल मान्य, मुक्त चलनात तसा धोका कमी. पण छोट्या स्वरूपात तेच दर महिन्याला होतं. अमेरिकेचे रोजगाराचे आकडे बहुधा महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी, न्यूयॉर्कच्या घड्याळाने सकाळी साडेआठला येतात. त्या क्षणी एक पिपचा स्प्रेड काही सेकंद कितीतरी पट रुंदावतो आणि स्टॉप लॉस लावलेल्या भावापासून घसरून लागतो. तुमचा मासा नेमका तेव्हा ओव्हनमध्ये असेल तर? सौदा घेण्याआधी त्या दिवशीचं आर्थिक कॅलेंडर बघणं हे टायमरपेक्षा जास्त गरजेचं आहे. फुकट असतं, अर्ध्या मिनिटाचं काम.

मी नवख्यांना उलट्या क्रमाने सांगतो. एका सौद्यात खात्याचा एक टक्का गमवायची तयारी. ५०० वर ५ डॉलर. स्टॉप लॉस ५० पिप दूर ठेवायचा असेल तर पिपमागे १० सेंट, म्हणजे एक मायक्रो लॉट. आकार असा मागून काढायचा. आणि ५० पिपचा स्टॉप ठेवला की पंधरा मिनिटांची पद्धत आपोआप गळून पडते, कारण तेवढी हालचाल व्हायला कधी दिवस लागतो, कधी दोन.

सडेतोड
आणि एवढं सगळं करून ५ डॉलर मिळवायचे किंवा घालवायचे. यापेक्षा मासा खाऊन झोपलेलं बरं.

निवांत
रात्रपाळी यांचा आकार काढायचा क्रम मूळ लेखात टाकतो. कॅलेंडरचंही लिहितो. टायमर मात्र सोडणार नाही. दोन दिवस सौदा उघडा ठेवा म्हणता, पण नवखा माणूस दोन दिवस दर पाच मिनिटांनी मोबाइल बघतो, स्टॉप लॉस मागे सरकवतो आणि ५ डॉलरचा तोटा ५० वर नेतो. ते कुठल्या सूत्रात बसवणार?

आकडेमोड
हा मुद्दा बरोबर आहे. याला माझ्याकडे आकडा नाही.

शंकेखोर
मी अगदीच नवीन. दोन शंका. एक, डेमो खात्यावर (खोट्या पैशाच्या) शिकलं तर चालेल का? दोन, सौदा रात्रभर ठेवला तर स्वॅप लागतो हे कळलं, पण बुधवारी तो तिप्पट का कापतात? शनिवार-रविवारचा असेल तर शुक्रवारी कापायला हवा ना?

रात्रपाळी
डेमो बटणं शिकायला उत्तम. कुठला लॉट म्हणजे किती, स्टॉप कुठे टाकायचा, चुकून विकण्याऐवजी विकत घेतलं तर काय होतं, हे तिथेच शिका. तोटा झाल्यावर आपण कसे वागतो हे तिथे कळत नाही. ते मायक्रो लॉटवर, खऱ्या पैशाने.

स्वॅप म्हणजे दोन चलनांच्या व्याजदरातला फरक. जास्त व्याजाचं चलन विकत घेतलेलं असेल तर तो मिळूही शकतो. बहुतेक जोड्यांत सौद्याचा निपटारा दोन कामकाजी दिवसांनी होतो. बुधवारच्या सौद्याचा निपटारा शुक्रवारी. तोच सौदा बुधवारी रात्री पुढे ढकलला की निपटारा शुक्रवारवरून सोमवारवर जातो आणि मधले शनिवार-रविवार धरून तीन दिवसांचं व्याज एकदम लागतं. शुक्रवारी रात्री ढकलला तर तारीख मंगळवारवरून बुधवारवर जाते, एकच दिवस. डॉलर-कॅनडाचा निपटारा मात्र एकाच दिवसात होतो, त्यामुळे तिथे तिप्पट दिवस गुरुवार असू शकतो. तुमच्या ब्रोकरच्या तक्त्यात बघून घ्या.