मदत हवी आहे: ड्रायव्हरला शून्य बाइटचं राइट आलं तर शून्य परत करायचा की एरर?

मंडळी, लिनक्सचा एक यूएसबी कॅरॅक्टर ड्रायव्हर (ज्याच्या डिव्हाइसवर फाइलसारखं थेट वाचता-लिहिता येतं असा) दुरुस्त करतोय. मूळ कोड माझा नाही, पण आता सांभाळायचा मलाच आहे. क्रॅश सापडलाय, कारणही कळलंय, अडलंय ते दुरुस्ती नक्की कशी करावी यावर.

लक्षण असं की एखादी प्रोसेस मरायची आणि तिच्यानंतर जो कोणी डिव्हाइसवर लिहायला जाईल तो डी स्टेटमध्ये, म्हणजे न उठवता येणाऱ्या झोपेत, लटकायचा, किल करूनही जात नाही. लॉगमध्ये नल पॉइंटरचा ऊप्स (कर्नलच्या क्रॅशचा अहवाल), पण पत्ता शून्य नाही तर हेक्समध्ये एफ, म्हणजे १५. या १५ नेच मला दोन दिवस फिरवलं. राइट फंक्शनमध्ये म्यूटेक्स (एका वेळी एकालाच आत सोडणारा लॉक) घेतलाय, मग काउंटएवढी, म्हणजे जितके बाइट लिहायचे तितकी, मेमरी केमॅलॉक या कर्नलच्या फंक्शनने मागितलीय, नल आहे का ते तपासलंय, युजरकडून कॉपी केलंय आणि शेवटचा बाइट न्यूलाइन असेल तर तो काढून टाकलाय. वरवर बघता सगळं बरोबर. पण काउंट शून्य असेल तर केमॅलॉक नल देतच नाही, तो १६ हा खास पॉइंटर देतो, त्यामुळे नलची तपासणी पास, शून्य बाइटची कॉपीही पास, आणि मग काउंट वजा एक या जागी वाचायला गेलं की १६ मधून एक गेला, राहिले १५. प्रोसेस तिथेच मेली, म्यूटेक्स तिच्याबरोबर अडकला.

कोणाला टेस्ट करायचं असेल तर एको वापरू नका, रिकाम्या स्ट्रिंगला एको मायनस एन राइट कॉलच करत नाही, आणि नुसता एको न्यूलाइनचा एक बाइट पाठवतो. मी त्यामुळेच आधी "इथे तर चालतंय" म्हणून बसलो होतो. छोटा सी प्रोग्राम लिहून लांबी शून्य दिली तेव्हा लगेच पडलं.

आता प्रश्न. पॉझिक्स हे युनिक्ससारख्या सिस्टिम्सचं स्टँडर्ड म्हणतं की रेग्युलर फाइल नसेल तर शून्य बाइटच्या राइटचं काय व्हावं ते ठरलेलं नाही. कर्नलमधला यूएसबी स्केलेटन ड्रायव्हर, म्हणजे नमुन्यादाखल दिलेला ड्रायव्हर, सुरुवातीलाच शून्य परत करतो, आणि सिसएफएस (कर्नलच्या सेटिंग्ज फाइल म्हणून दाखवणारी फाइलसिस्टिम) तर रिकामं राइट ड्रायव्हरच्या स्टोअर फंक्शनपर्यंत, म्हणजे लिहिलेलं घेणाऱ्या फंक्शनपर्यंत, पोहोचूच देत नाही, म्हणून माझा कल शून्याकडे आहे. पण आमच्या डिव्हाइसला प्रत्येक राइट म्हणजे एक कमांड, रिकामी कमांड असा प्रकारच नाही, तेव्हा ईइनव्हॅल (चुकीच्या इनपुटची एरर) दिलं तर वरच्या प्रोग्रामची चूक लगेच दिसेल असं सोबतचा एकजण म्हणतो. आत्तापर्यंत क्रॅशच होत होतं, त्यामुळे जुन्या वागण्यावर कोणी अवलंबून असेल हा मुद्दा येत नाही, हे त्याचं पटतंही मला.

दुसरं म्हणजे ही तपासणी डिस्कनेक्टच्या तपासणीआधी ठेवायची की नंतर? स्केलेटनमध्ये आधी आहे, म्हणजे केबल काढलेली असली तरी रिकाम्या राइटला यशच मिळणार. मला ते खटकतं, ईनोडेव्ह (डिव्हाइस नाही ही एरर) यायला हवं असं वाटतं, पण त्यासाठी आधी लॉक घ्यावा लागतो.

वाचण्याच्या बाजूलाही असंच आहे. डिव्हाइस झीरो लेंग्थ पॅकेट, म्हणजे रिकामं पॅकेट, पाठवतं तेव्हा यूआरबीचं (यूएसबीवरच्या एका देवाणघेवाणीची विनंती) स्टेटस ठीक आणि ॲक्च्युअल लेंग्थ शून्य, पण कोड तरीही बफरचा पहिला बाइट वाचतो, तिथे मागचाच डेटा असतो, म्हणून जुना मेसेज दोनदा जातो. मी घाईने वरच रिटर्न टाकला तर वाचणंच बंद पडलं, कारण यूआरबी परत सबमिट करायची ओळ फंक्शनच्या तळाला आहे आणि ती वगळली गेली. आता रिटर्नऐवजी तळाच्या लेबलवर गोटू केलंय, चालतंय. एरर स्टेटसच्या वेळीही त्याच लेबलवर न्यावं का? डिव्हाइस काढल्यावर ते परत परत सबमिट होत राहील अशी भीती वाटते. आणि हे दोन्ही एकाच पॅचमध्ये पाठवलं तर चालेल, की फिक्सेस टॅग (चूक कोणत्या जुन्या कमिटमध्ये आली ते सांगणारी ओळ) वेगवेगळे लागतील म्हणून दोन करू?