टक्के कसे काढले, ते लेखी मागा : पायांच्या दिव्यांगत्वाचा निर्णय पटला नाही तेव्हा

तपासणी झाली की आपण एकमेकांना विचारतो, "किती टक्के आले?" कसे आले, ते फार कमी जण विचारतात. पायामुळे चालायला, उभं राहायला, जिना चढायला त्रास आहे आणि तरीही दाखला, अनुदान किंवा सवलत नाकारली गेली, अशा सोलापूर शहर-जिल्ह्यातल्या सगळ्यांनी इथे लिहावं. निकाल बाजूने लागला नसला तरी लिहा. डॉक्टरांची, कर्मचाऱ्यांची, रुग्णालयांची नावं नकोत. कोणते कागद दिले, काय तपासलं, काय उत्तर आलं, ते मात्र सविस्तर हवं. प्रत्येकाच्या मजकुरावर नावाऐवजी त्याचा भाग किंवा गाव दिलंय. आधी माझं सांगते.

अशोक चौक

लहानपणी उजव्या पायाला पोलिओ झाला. जुना दाखला ४५ टक्क्यांचा होता. त्यावर एसटीची सवलत होती, संजय गांधी निराधार योजनेचं अनुदानही चालू होतं. युडीआयडी कार्डासाठी (दिव्यांगांचं देशभर चालणारं ओळखपत्र) नव्याने तपासणी झाली आणि ३४ टक्के आले. कायद्यात रेषा ४० टक्क्यांवर आहे, म्हणजे एका कागदाने दोन्ही गोष्टी गेल्या.

तपासताना टेबलावर झोपवलं. गुडघा, घोटा वाकवून पाहिला, टेपने दोन्ही पायांची लांबी मोजली, हाताने दाबून ताकद बघितली. मग "झालं, या" म्हणाले. बाहेर रांग व्हरांड्याच्या टोकापर्यंत होती, ती मलाही दिसत होती. पण मी चालते ती उजव्या मांडीवर, गुडघ्याच्या जरा वर हात टेकवून. तो हात सोडला की गुडघा मुडपतो. माझ्या साड्या आधी तिथेच विरतात, तळहाताएवढ्या जागेत. टेबलावर झोपलेल्या बाईचं हे कुणाला कसं कळणार?

घरचे म्हणाले, सरकारी कागद आहे, बदलत नसतो. मी आधी तपासणीच्या नोंदी मागितल्या. साध्या कागदावर अर्ज केला आणि आवक शिक्क्याची पोच घेतली. रुग्णाने मागितल्यावर ७२ तासांत नोंदी द्याव्यात, असा २००२ पासून डॉक्टरांसाठी नियम आहे. तो अर्जात लिहिला. नक्कल हातात आली तेव्हा दिसलं, सांध्यांची हालचाल आणि ताकद यांचे आकडे भरलेले, स्थैर्याचा, म्हणजे चालताना-उभं राहताना पाय किती सावरतो त्याचा, रकाना पूर्ण कोरा.

दिव्यांग हक्क कायदा, २०१६ च्या कलम ५९ प्रमाणे अपील केलं. अपिलात गरिबी, घरची परिस्थिती काही लिहिली नाही. "स्थैर्याची तपासणी झालेली नाही, ती करावी" एवढीच मागणी. सोबत नोंदींची नक्कल, जुना दाखला, आणि चालतानाचे बाजूने काढलेले फोटो जोडले. फेरतपासणीत मला सपाटीवर चालवलं, उतारावर चालवलं, पायऱ्या चढायला लावल्या, एका पायावर उभं केलं, उकिडवं बसायला सांगितलं. ५३ टक्के आले. एसटीची सवलत लगेच सुरू झाली. अनुदान पुन्हा सुरू झालंय, पण मधल्या महिन्यांचं मिळालेलं नाही. त्यासाठी तहसीलमध्ये वेगळा अर्ज दिलाय.

जुळे सोलापूर, दिव्यांगांचे अर्ज भरून देतो

ताईंचा कोरा रकाना किती महाग पडतो ते आकड्यांत सांगतो, कारण हे आमच्या लोकांना कुणी समजावून देत नाही.

केंद्राची मोजमापाची मार्गदर्शक तत्त्वं ४ जानेवारी २०१८ ला राजपत्रात आली. त्यात पायाचे दोन भाग धरलेत. हालचाल ९० गुणांची, त्यात सांधे किती वळतात आणि स्नायूंत किती जोर आहे ते येतं. स्थैर्यही ९० गुणांचं: सपाटीवर चालणं, उतारावर चालणं, जिना, दोन्ही पायांवर उभं राहणं, अधू पायावर उभं राहणं, उकिडवं बसणं, मांडी घालणं, गुडघे टेकणं, वळणं. दोन्हींची सरळ बेरीज करत नाहीत. मोठा आकडा घ्यायचा. त्याला ९० तून वजा करायचं, येईल त्याला लहान आकड्याने गुणायचं, ९० ने भागायचं, आणि ते मोठ्या आकड्यात मिळवायचं.

समजा हालचालीचे ३० आणि स्थैर्याचेही ३०. मग ३० अधिक २०, झाले ५०. स्थैर्य तपासलंच नाही तर राहतात ३०. पाय तोच, पण एक माणूस योजनेत आणि दुसरा बाहेर.

ही तत्त्वं मार्च २०२४ मध्ये सुधारली आहेत. आपली तपासणी कोणत्या तारखेची ते बघून त्या वेळची तत्त्वं काढा. आणि दाखला नाकारला असेल तर कारण लेखी मिळणं हा तुमचा हक्क आहे, विहित नमुन्यात. "बसत नाही" असं तोंडी ऐकून परत येऊ नका. अपील कुठे आणि किती मुदतीत, हे राज्य सरकार ठरवतं, म्हणून ते त्याच वेळी त्याच खिडकीवर लेखी विचारून घ्यावं.

कुंभारी, विडी घरकुल

माझ्या सासूबाईंचं लिहिते. आम्ही घरात तेलुगू बोलतो, मी त्यांना अत्तम्मा म्हणते. लग्न होऊन आल्यापासून त्या विड्या वळत आल्यात. डाव्या खुब्याचं ऑपरेशन होऊन सांधा बदलला. डॉक्टरांनी तेव्हाच बजावलं, खाली बसायचं नाही, मांडी घालायची नाही.

तपासणीत त्यांना मराठीत विचारलं, "आजी, बसता येतं का?" त्या म्हणाल्या, "येतं की." त्यांच्या डोक्यात खुर्ची होती. विचारणाऱ्याच्या डोक्यात जमीन असावी. चालता येतं का? येतं. जिना? चढते. या सगळ्याला त्या हो म्हणाल्या, कारण आजवर कुणापुढे त्यांनी "मला जमत नाही" असं म्हटलेलं नाही. दाखला नाकारला गेला.

दुसऱ्या वेळी मी सोबत आत गेले. दारावर अडवलं, तेव्हा सांगितलं की त्यांना मराठी नीट समजत नाही, दुभाषी म्हणून मला येऊ द्या. येऊ दिलं. प्रत्येक प्रश्न मी तेलुगूत फोडून विचारला: जमिनीवर बसता येतं का, आधाराशिवाय उठता येतं का, जिना चढताना कठडा धरावा लागतो का, वर गेल्यावर थांबावं लागतं का. विडीचं कामही सांगितलं. सूप मांडीवर घेऊन तासन् तास जमिनीवर बसायचं काम आहे ते. आता त्या खुर्चीवर बसतात, सूप स्टुलावर ठेवतात, आणि पूर्वीच्या निम्म्याही विड्या होत नाहीत. ऑपरेशनचा डिस्चार्ज कागद आणि त्यावरची "खाली बसू नये" ही ओळ दाखवली.

४२ टक्के मिळाले, पण दाखला तात्पुरता आहे. त्यावरची मुदतीची तारीख मी कॅलेंडरवर लाल पेनाने लिहून ठेवलीय. मुदत संपली की सवलत आपोआप थांबते, नोटीस येत नाही, असं शेजारणीच्या बाबतीत झालं. आईवडील, सासूसासऱ्यांना एकट्यांना आत पाठवू नका, हे माझं कळकळीचं सांगणं आहे.

अक्कलकोट रस्ता, यंत्रमाग कामगार

माझा रस्ता वेगळा आहे, पण टक्क्यांचा घोळ तोच, म्हणून लिहितो. ताण्याचा भरलेला बीम (उभे धागे गुंडाळलेला रूळ) मागावर चढवताना घसरला आणि डाव्या पायावर आला. तीन बोटं काढावी लागली. ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) होतं म्हणून उपचार झाले. पुढे मेडिकल बोर्डाने कायमचं अपंगत्व धरलं, टक्के मात्र फार कमी दिले.

इथले टक्के पायाचे नसतात, कमावण्याची ताकद किती गेली त्याचे असतात. महिन्याची रक्कम त्यावर ठरते. युडीआयडीचा दाखला दाखवून "तिकडे इतके, इकडे का नाहीत" असं मी भांडत बसलो असतो, पण कामगार संघटनेतल्या काकांनी वेळेत फरक सांगितला. बोर्डाचा निर्णय मान्य नसेल तर वैद्यकीय अपील न्यायाधिकरणाकडे जाता येतं, किंवा थेट कर्मचारी विमा न्यायालयात. मुदत असते, ती चुकवायची नाही.

आम्ही मांडलं ते असं: मागावरचा माणूस पूर्ण पाळी उभा असतो. दोन रांगांमधल्या अरुंद बोळातून सारखा फिरतो, धागा तुटला की वाकतो, वळतो. पाऊल पुढे ढकलायला बोटं लागतात. आता मला तासाभराने बसावं लागतं आणि त्या वेळात माग बंद. मालकाकडून अपघाताआधीच्या आणि नंतरच्या पगाराचे कागद घेतले. प्रकरण अजून चालू आहे, निकाल लागला की इथे लिहीन.

मोहोळ तालुका

माझे ६० टक्के आहेत, त्यावर कुणाचा वाद नाही. अडलं उत्पन्नावर. संजय गांधीचा अर्ज "उत्पन्न २१ हजारांपेक्षा जास्त" म्हणून परत आला. २१ हजारांची मर्यादा इतर लाभार्थ्यांना आहे, दिव्यांगांसाठी वर्षाला ५० हजार. शासन निर्णयाची प्रत जोडून पुन्हा अर्ज दिला, पुढच्या बैठकीत मंजूर झाला. टक्के बरोबर असले तरी नकाराचं कारण वाचा.

मंगळवेढा

अपील केलं, पुन्हा तपासलं, ३८ चे ३८ राहिले. तपासणी या वेळी व्यवस्थित झाली, सगळं करून घेतलं, त्यामुळे तक्रार नाही. पण ऊस तोडायला जायचो, आता जाता येत नाही, आणि ४० च्या आतल्या माणसाला निराधार योजनेत जागा नाही. दोन टक्क्यांच्या माणसाने काय करायचं?

जुळे सोलापूर

दादा, कार्ड घेऊन ठेवा, ४० च्या आतही मिळतं. आणि पाय आणखी बिघडला, ऑपरेशन झालं, सांधा आखडला, तर नव्याने तपासणी मागता येते. तेव्हा आत्ताच्या नोंदींची नक्कल हाताशी लागेल, म्हणजे काय बदललं ते दाखवता येईल. रोजगार हमीवर जमेल असं काम मागा, दिव्यांगांसाठी कामं वेगळी काढलेली असतात, ती ४० च्या आतल्यांना मिळतात का ते विचारून घ्या. ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांवर खर्च करायचा असतो. त्यातून काय मिळतं आणि किती टक्क्यांपासून, ते ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे (आधीचे ग्रामसेवक) लेखी विचारा.

अक्कलकोट

एसटीबद्दल एक. ४० टक्क्यांपासून तिकिटात ७५ टक्के सवलत आहे, पण सोबत्याला अर्धं तिकीट फक्त ६५ टक्क्यांपासून. माझे ६१ आहेत आणि बसच्या पायऱ्या मला एकट्याने चढता येत नाहीत. सोबत्याच्या कारणावरून फेरतपासणी मागितलेलं कुणी आहे का?

अशोक चौक

अक्कलकोटच्या भाऊंना ज्यांना उत्तर देता येईल त्यांनी द्यावं, मला त्यातला अनुभव नाही. आणखी तीन गोष्टी हव्या आहेत. अपिलाचं उत्तर यायला किती काळ लागला? व्हीलचेअरवरच्यांना तपासणीच्या जागी आत कसं नेलं, रॅम्प होता का? आणि बंद काळातलं थकलेलं अनुदान कुणाला मिळालं असेल, तर तहसीलला दिलेल्या अर्जाचा मजकूर इथे टाका. माझ्यासारख्या बऱ्याच जणींचं तेवढंच अडलंय.