स्लीव्हनंतर एकट्याचं जेवण, आणि संध्याकाळी ७ ते ९

संत्रानगरी

नमस्कार मंडळी. वय ४६, नागपूर, वीज कंपनीत नोकरी. दिवाळीनंतर स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी झाली, म्हणजे वजन कमी करण्यासाठी पोटाचा मोठा भाग काढून टाकण्याचं ऑपरेशन. वजन १४२ होतं, आता १११ आहे. साखरेच्या दोन गोळ्या डॉक्टरांनी बंद केल्या, झोपेत श्वास अडकायचा तो थांबला, गुडघे जिना चढू देतात. ऑपरेशन करून मी समाधानी आहे. हे आधीच सांगतो, कारण काही बोलायला गेलं की लोक लगेच म्हणतात, "मग केलंस कशाला?"

पहिली अडचण स्वयंपाकाची. मी एकटा राहतो. लग्न केलं नाही, आई होती तोवर घर तिच्या हाताखाली चाललं. ती गेल्यापासून मेसचा डबा. त्यात चार पोळ्या, भाजी, वरण, भात. आता माझं एका वेळचं जेवण अर्धी वाटी, फार तर पाऊण. दोन घास जास्त झाले की छातीत दाटतं, तोंडाला पाणी सुटतं आणि उलटी झाल्याशिवाय बरं वाटत नाही. भात फुगतो, पोळी अडकते. उरलेलं टाकताना जीव तुटतो, आमच्याकडे ताटात शीत राहिलेलं चालत नसे. म्हणून डबा बंद करून घरी करायला लागलो. पण अर्ध्या वाटीचं वरण लावायचं तरी कसं? आहारतज्ज्ञ मॅडमनी रोज किमान ६० ग्रॅम प्रथिनं सांगितली आहेत. प्रथिनांची पावडर पाण्यातून घेतली की मळमळतं. अंडी चालतात. चिकन कोरडं लागतं, घशाखाली उतरत नाही.

दुसरी अडचण कशी मांडावी कळत नाही. ऑफिस सुटल्यावर आम्ही चौघे आलूबोंडा-तर्री आणि चहा घ्यायचो, वर्षानुवर्षं. मग घरी येऊन आईसमोर जेवायचं. ती जेवलेली असायची, तरी माझं ताट संपेपर्यंत समोर बसून दिवसभराचं सांगायची. आता मी टपरीवर जात नाही, थेट घरी येतो. भूक नसते, हे मला पक्कं समजतं. पोट गप्प असतं. तरी सात वाजले की जीव खायला मागतो. नऊपर्यंत मी फ्रिज उघडतो, बंद करतो, परत उघडतो. परवा तसाच ओट्यापाशी उभा असताना रडू आलं आणि बराच वेळ थांबलं नाही. ज्या दिवशी ऑफिसात "काय बारीक झालास" म्हणून कौतुक होतं, त्या दिवशी तर हे जास्तच होतं.

तुमच्यापैकी कोणाला असं झालं का? एकटं राहून कसं निभावलंत? "मन दुसरीकडे गुंतवा" हे ऐकून झालं आहे. कृपया कामाचं सांगा.

---

एकवाटी

दादा, माझी बायपास (हृदयाची नाही, वजनासाठी केलेली पोटाची) २०१९ ला झाली. ठाण्यात एकटीच राहते. तुम्ही लिहिलेली संध्याकाळ मी ओळखते.

आधी स्वयंपाकघर, कारण ते लवकर सुटतं. मोठा कुकर वर ठेवून द्या आणि दीड लिटरचा घ्या. तरीही अर्ध्या वाटीचं वरण लावूच नका. रविवारी दोन वाट्या मूगडाळ हिंग-हळद घालून घट्ट शिजवा, घोटा आणि बर्फाच्या ट्रेमध्ये भरून फ्रीझरला टाका. गोठल्यावर चौकोन काढून डब्यात ठेवायचे. रोज दोन-तीन चौकोन लहान कढईत, वर जिरं-लसणाची फोडणी. पाच मिनिटांत गरम वरण आणि टाकायला काही उरत नाही. चिकनचा खिमा तसाच करता येतो. तुकडे कोरडे वाटतात त्यांना खिमा चालतो, कारण तो रश्शात ओला राहतो. मासे त्याहून हलके. नागपुरात समुद्राचे मिळणं कठीण, पण रोहू-कटला मिळतात, काटे मात्र नीट काढा.

प्रथिनांचा हिशेब असा: एक अंडं ६ ग्रॅम, १०० ग्रॅम पनीर साधारण १८, ग्लासभर दुधात ६-७. तेवढ्याच दुधात दोन मोठे चमचे साय काढलेल्या दुधाची पावडर ढवळलीत की पाचेक ग्रॅम वाढतात आणि चव बिघडत नाही. रात्री दही फडक्यात बांधून ठेवा, सकाळचा चक्का जिरेपूड-मीठ लावून खा. साध्या दह्यापेक्षा त्यात बरंच जास्त मिळतं. तुमची पावडर पाण्यात नको वाटत असेल तर कोमट वरणात किंवा ताकात कालवून बघा, बिनचवीची मात्र आणा. व्हॅनिलाचं वरण मी खाल्लेलं आहे, ते कोणाच्याही नशिबी नको. आणि ताटात पहिला घास प्रथिनांचा, मग भाजी, जागा उरली तर भाकरीचा मऊ पदर. पाणी जेवताना नाही, नंतरही अर्धा तास नाही. दिवसभर घोट-घोट.

घास अडकण्याचं कारण नुसतं प्रमाण नसतं, अनेकदा वेगही असतो. एकटं माणूस भरभर जेवतं, कारण बोलायला कोणी नसतं. तुमच्या आई समोर बसून बोलायच्या तेव्हा तुमचं जेवण आपोआप सावकाश होत असणार. मी जेवायच्या वेळी बहिणीला फोन लावते, स्पीकरवर ठेवते. तीही तिकडे जेवत असते. आम्ही फार बोलतो असं नाही, तिच्याकडच्या भांड्यांचे आवाज येतात, तेवढंही पुरतं. चमचा लहान मुलांचा घ्या आणि प्रत्येक घासानंतर खाली ठेवा.

आता संध्याकाळ. पोटाचा जो भाग तुमचा काढला, तिथेच घ्रेलिन हे भूक जागवणारं संप्रेरक सगळ्यात जास्त बनतं. म्हणून भूक खरंच शांत झाली आहे, तुम्हाला भास होत नाहीये. सात वाजता जे मागणं येतं ते पोटाचं नाही, त्या दोन तासांचं आहे. ते तास पूर्वी तर्रीने आणि आईने भरलेले होते. दोन्ही गेले, तास तेवढेच राहिले. मला असं वाटतं की तुम्ही आईसाठी आत्ता रडताय. इतके दिवस ते रडणं जेवणात मिसळून जात होतं.

माझ्यापुरतं सांगते. मी त्या वेळेत घरात थांबणं सोडलं. वाचनालय साडेआठपर्यंत उघडं असतं, मी तिथे बसते, वाचलं नाही तरी बसते. घरी येते ती थेट जेवणाच्या वेळी. वर्षभराने गरज उरली नाही, आता घरी असते. हा उपाय सगळ्यांना लागू पडेल असा दावा नाही.

---

आहारविचार

मी आहारतज्ज्ञ आहे, बॅरिअॅट्रिकचे म्हणजे वजन कमी करण्याच्या ऑपरेशनचे रुग्ण बघते. वरचा स्वयंपाक उत्तम आहे. तुम्ही एकटे राहता म्हणून काही गोष्टी ठळक सांगते.

उलट्या अधूनमधून जास्त खाण्याने होत असतील तर वेगळं. रोज होऊ लागल्या, पाणीही टिकेना, किंवा चालताना तोल जाणं, एकाचं दोन दिसणं, गोंधळल्यासारखं होणं सुरू झालं तर त्याच दिवशी रुग्णालयात जा आणि ऑपरेशन झाल्याचं सांगा. थायमिन म्हणजे बी-१ कमी पडलं तर मेंदूला आणि नसांना इजा होते, आणि घरात दुसरं माणूस नसलं की हे बदल कोणाच्या लक्षात येत नाहीत. एक किल्ली शेजारी ठेवा.

लोह आणि कॅल्शियम एकत्र घेऊ नका, मध्ये किमान दोन तास जाऊ द्या. लोहाच्या आसपास चहाही नको. बी-१२, डी जीवनसत्त्व, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) यांच्या तपासण्या सांगितल्या त्या वेळी करा, वजन छान उतरतंय म्हणून टाळू नका. गुडघेदुखीला डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या दुकानातून स्वतः घेऊ नका, त्यांनी नव्या पोटात व्रण होऊ शकतो. केस गळत असतील तर तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात ते होतंच, बहुतेकांचे परत येतात.

आणि एक विचारते, रागवू नका. संध्याकाळ कठीण जाते म्हणून दारू सुरू झाली आहे का? ऑपरेशननंतर ती रक्तात लवकर आणि जास्त चढते, आणि पूर्वी न पिणाऱ्यांनाही सवय लागल्याचं दिसतं. अन्नाची जागा तिने घेऊ नये.

रडू येणं अनेकांना होतं. पण ते दोन आठवड्यांहून जास्त रोजचं झालं, झोप उडाली, कशातच रस वाटेना, किंवा जगणं नकोसं वाटलं, तर सर्जनच्या टीममधल्या मानसोपचारतज्ज्ञांना भेटायचं. टेली-मानस ही सरकारी सेवा १४४१६ वर चोवीस तास मोफत आहे, मराठीत बोलता येतं. या ऑपरेशननंतर काही जणांत नैराश्य आणि स्वतःला इजा करण्याचे विचार वाढतात हे आम्हाला माहीत आहे, म्हणून स्पष्ट लिहिलं.

---

रेशीमबाग

भाऊ, माझं ऑपरेशन नाही झालं, माझ्या मोठ्या भावाचं झालं. म्हणून बाजूने बघितलेलं सांगतो.

एकवाटी ताईंच्या एका गोष्टीशी मी सहमत नाही. जागा बदला म्हणतात ते ठीक, पण माणसं बदलायची गरज नाही. टपरी तुम्ही सोडली ती बोंड्यामुळे, आणि त्यात तिघे मित्रही गेले. माझ्या भावानेही तेच केलं होतं. चार महिने तो कोणाला भेटला नाही, आणि सगळ्यांना वाटलं बारीक झाल्यावर याला शिंग फुटले. शेवटी एका मित्रानेच घरी येऊन विचारलं. आता तो टपरीवर जातो, उभा राहतो, हातात अर्धा कप कोमट चहा. टपरीवाल्याला एकदा सांगून ठेवलं आहे, तो विचारतही नाही.

तिघांना खरं सांगा. "मला खायला जमत नाही, पण मला यायचं आहे." एवढं वाक्य पुरे. आणि सकाळी यायचं असेल तर आम्ही काही जण अंबाझरीला सहा वाजता चालतो. हळू चालणारेही आहेत.

---

संत्रानगरी

सगळ्यांचे मनापासून आभार. ताई, तुमचं ते आईबद्दलचं वाक्य मी काल दोनदा वाचलं आणि मग फोन बाजूला ठेवला. बरोबर आहे तुमचं. ती गेली तेव्हा तेराव्यापर्यंत पाहुणे होते, मग ऑफिस, मग मेसचा डबा. मी जेवतच राहिलो.

मॅडम, दारू नाही. घरात कधीच नव्हती. उलट्या आठवड्यातून एखादी, जास्त खाल्लं तरच. लोह आणि कॅल्शियम मी सकाळी सोबतच घेत होतो, वेगळं घ्यायचं असं कोणी सांगितलं नव्हतं. आजपासून कॅल्शियम दुपारी आणि रात्री. शेजारच्या काकूंना किल्ली दिली. त्यांनी कारण विचारलं नाही, नुसती खुंटीला लावली.

रेशीमबाग भाऊ, शनिवारी टपरीवर जाईन. चालायला पण येतो.

एक अजून विचारायचं आहे, तारीख जवळ आली म्हणून. अक्षय तृतीयेला मोठ्या भावाकडे आईच्या नावाचं पान असतं. पुरणपोळी, आमरस, चिंचवणी, भजी, कुरड्या. आईचं पान वाढून झालं की आम्ही भाऊ तेच जेवतो. मागच्या महिन्यात ऑफिसात कोणीतरी पेढे आणले, दोन खाल्ले तर अर्ध्या तासात घाम, छातीत धडधड, अंग थरथर. पुरण आणि रस एकत्र झाले तर काय होईल याची भीती वाटते. पण त्या ताटाला नाही म्हणणं मला जमणार नाही. वहिनीला वाईट वाटेल हा भाग सोडा, मलाच जमणार नाही.

---

एकवाटी

ते डम्पिंग होतं. साखर पटकन आतड्यात उतरली की तसं होतं, बायपासवाल्यांना जास्त, पण स्लीव्हलाही होतं. काही जणांना दोन-तीन तासांनी साखर एकदम खाली जाऊन परत घाम सुटतो, म्हणून त्या दिवशी जेवून लगेच एकटे घरी जाऊ नका, भावाकडेच थांबा. तुमच्या साखरेच्या उरलेल्या गोळीबद्दल डॉक्टरांना आधी विचारून घ्या.

ताटाला नाही म्हणू नका. सकाळी निघताना दोन अंडी किंवा चक्का खाऊन जा, रिकाम्या पोटी गोडाजवळ जायचं नाही. तिथे वहिनींना सांगून वाटीत वाढून घ्या: आधी घट्ट वरण, सावकाश. मग पुरणपोळीचा एक घास, तूप लावून, तीस वेळा चावून. रस एक चमचा, तोही चाखण्यापुरता, आणि पोळीबरोबर नाही, थांबून. भजी-कुरड्या राहू द्या. पुरणाचा तो एक घास तुमच्या आईच्या पानातलाच उचला, वेगळा वाढलेला नको.

वहिनींना आजच फोन करा. सणाच्या दिवशी सगळ्यांसमोर सांगायला गेलात तर आग्रह होणार आणि तुम्ही खाणार.

---

रेशीमबाग

शनिवारी किती वाजता ते इथे टाका. मी पण येतो टपरीवर, तुमच्या चौघांत पाचवा चालत असेल तर.